प्रमाणपत्रांची फाईल पुरे, आता प्रश्नांची वही उघडा

पत्र

नमस्कार मॅडम,

मी नाशिकमधल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहे. एम.लिब. मुक्त विद्यापीठातून केलं. आधी कला-वाणिज्य महाविद्यालयात होते, इकडे येऊन दोन वर्षं झाली. देवघेव, अ‍ॅक्सेशन, नो ड्यूज, इन्स्पेक्शनच्या फायली हे सगळं मला येतं. पण सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाचा आराखडा द्यायच्या दिवसांत एमडीची मुलं येतात आणि ‘मॅडम, या विषयावर आर्टिकल काढून द्या’ म्हणतात, तेव्हा मी गुगलवर विषय टाकते आणि मिळतील त्या दहा-पंधरा पीडीएफ देते. मागच्या महिन्यात कम्युनिटी मेडिसिनच्या एका मुलाला द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांवर अभ्यास करायचा होता. त्याच्या गाईडनी मला बोलावून विचारलं, ‘हे कुठं शोधलंत? मेश टर्म कोणत्या घेतल्या?’ मला काहीच सांगता आलं नाही. सर रागावले नाहीत, पण मला फार लागलं.

लॉकडाऊनपासून मी दिसेल तो वेबिनार केला आहे. ई-प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली आहे, कामाचं मात्र त्यातून फारसं हाती लागलं नाही. बाहेरगावच्या कार्यशाळेला कॉलेज सोडत नाही. घरी दोन लहान मुलं आहेत. इंग्रजी वाचते, पण भराभर बोललेलं ऐकताना अडखळते. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेडिकल लायब्ररियन’ असा सात हजारांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आला. करू का? की दुसरीकडून कुठून सुरुवात करू?

– एक सहायक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

सात हजारांचं शेवटी बोलू. आधी त्या सरांचं. त्यांनी तुम्हाला कमी लेखण्यासाठी विचारलं असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. डिझर्टेशनच्या ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’मध्ये कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द घालून शोधलं हे लिहायला हवं आणि परीक्षक ते विचारू शकतो. सरांना ते हवं होतं. म्हणजे ग्रंथपालाकडून नेमकं काय मागायचं हे कळणारा एक माणूस तुमच्या कॉलेजात आहे. पुष्कळ कॉलेजांत तोही नसतो. त्यांच्याकडे तुम्हाला परत जायचं आहे.

माझं सांगणं एकच आहे. आरोग्य विज्ञानाच्या ग्रंथालयातलं काम समोर आलेला एक खरा प्रश्न शेवटपर्यंत नेल्याशिवाय येत नाही. तुम्ही इतके वेबिनार केलेत आणि हाती काही उरलं नाही, याचं कारण तुमची बुद्धी किंवा इंग्रजी नव्हे. ते ऐकताना तुमच्यासमोर कुणाचा प्रश्नच नव्हता. आता प्रश्न आहे. द्राक्षबागेतले फवारणी करणारे मजूर. पुढचे दोन महिने हाच तुमचा अभ्यासक्रम समजा.

मेश या नावानं दबकू नका. बी.लिब.ला तुम्ही सिअर्स लिस्टमधून विषयशीर्षकं काढलीत ना? मेश म्हणजे वैद्यकासाठीची तशीच नियंत्रित शब्दसूची. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं ती १९६० मध्ये काढली. दरवर्षी ती सुधारली जाते, आणि आज तिच्यात ३० हजारांहून अधिक शीर्षकं आहेत. व्यापक शीर्षकाखाली संकुचित शीर्षक अशी तिची उतरंड आहे. डॉक्टरांना ही कल्पना समजावून सांगावी लागते, तुम्हाला ती आधीच ठाऊक आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखांच्या सूचीचे छापील खंड टेबलावर पसरून आमच्या पिढीनं हेच काम केलं. ते छापणं २००४ मध्ये थांबलं आणि तोवर हे काम पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसवर आलं होतं. पबमेड १९९७ पासून जगात कुणालाही फुकट आहे. तुमच्या काउंटरवरच्या संगणकावर ते आत्ता उघडतं.

आता तो विषय हातात घ्या. संगणक लावण्याआधी कागदावर तीन खाने पाडा. पहिल्यात माणसं : शेतकरी, शेतमजूर, फवारणी करणारे. दुसऱ्यात संपर्क : कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं. तिसऱ्यात जागा : द्राक्ष, द्राक्षबाग. प्रत्येक खान्यात सुचतील तेवढे इंग्रजी पर्यायी शब्द लिहा. इथं तुमचं नाशिकचं असणं कामाला येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत जे फवारे होतात त्यांतले कितीतरी डाऊनी आणि भुरीवरचे असतात, म्हणजे बुरशीनाशकांचे. विद्यार्थी पुण्याचा किंवा लातूरचा असेल तर त्याच्या डोक्यात ‘पेस्टिसाइड’ एवढाच शब्द असणार. ‘फंगिसाइड’ हा शब्द त्याला तुम्ही द्यायचा, आणि ‘मॅन्कोझेब’सारखी औषधांची नावं निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही बागायतदाराला किंवा कृषी सेवा केंद्रात विचारून मिळतात.

मग पबमेडमधून मेश डेटाबेस उघडा आणि एकेका खान्यासाठी शीर्षक शोधा. ‘पेस्टिसाइड्स’ हे शीर्षक सापडेल. त्याच्या खालची उतरंड बघा. कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं तिथं बसवलेली दिसतील. व्यापक शीर्षक घेतलं की खालची सगळी आपोआप शोधात येतात, ही मेशची मोठी सोय. माणसांसाठी ‘फार्मर्स’ आहे, ‘अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स डिसीजेस’ आहे, ‘ऑक्युपेशनल एक्स्पोजर’ आहे. द्राक्षासाठी ‘व्हायटिस’ हे वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे.

पण नुसत्या मेशवर थांबलात तर शोध अर्धा राहील. अगदी ताज्या लेखांवर अनेकदा शीर्षकं लागलेली नसतात, आणि पबमेडमधल्या काही नोंदींवर ती कधीच लागत नाहीत. म्हणून प्रत्येक खान्यात मेश शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही घ्यायचे. साधा शब्द फक्त लेखाच्या नावात, सारांशात आणि लेखकानं दिलेल्या कीवर्डांत शोधायचा असेल तर त्यापुढे चौकोनी कंसात ‘टीआयएबी’ ही चार अक्षरं इंग्रजीत लावतात. एका खान्यातले शब्द ‘ऑर’नं जोडायचे, खाने एकमेकांना ‘अँड’नं जोडायचे, आणि प्रत्येक खान्याला गोल कंस घालायचा. कंस राहिला की सगळा शोध भरकटतो. तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

अ‍ॅडव्हान्स्ड पानावर तुमच्या प्रत्येक शोधाचा इतिहास असतो आणि त्याशेजारी ‘डिटेल्स’ असतात. ते उघडून बघायची सवय लावा. तुम्ही टाकलेल्या शब्दाचं पबमेडनं मनातल्या मनात काय केलं ते तिथं उघड दिसतं. ‘ग्रेप्स’ टाकलंत तर त्यानं स्वतःहून ‘व्हायटिस’ शीर्षक जोडलेलं सापडेल. याला ऑटोमॅटिक टर्म मॅपिंग म्हणतात. शब्दाच्या शेवटी तारांकन दिलंत किंवा शब्द अवतरणात टाकलात की हे जोडणं बंद पडतं. कित्येक अनुभवी माणसांनाही हे माहीत नसतं आणि निकाल अचानक का घटले ते त्यांना कळत नाही. एक दुपार फक्त ‘डिटेल्स’ वाचण्यात घालवा. कुठल्याही वेबिनारपेक्षा त्यातून जास्त शिकाल.

डावीकडच्या गाळण्यांपासून सुरुवातीला दूर राहा. मुलं पहिल्याच फटक्यात ‘फ्री फुल टेक्स्ट’वर क्लिक करतात, आणि फुकट मिळालेले लेख म्हणजेच सगळं संशोधन असं धरून चालतात. ‘ह्युमन्स’ची गाळणी लावली तर अजून शीर्षकं न लागलेले ताजे लेख गळून पडतात. आधी पूर्ण शोध, मग निवड, आणि पूर्ण लेख कुठून मिळवायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

हे करताना वहीत चार गोष्टी लिहा : डेटाबेसचं नाव, तारीख, शोधाची ओळ जशीच्या तशी, आणि निकालांची संख्या. सरांनी विचारलं त्याचं उत्तर एवढंच होतं. गुगल स्कॉलरच्या शोधाचं असं उत्तर देता येत नाही. तो पहिल्या हजाराच्या पुढचे निकाल दाखवत नाही, आणि तोच शोध उद्या केला तर तेच येईल याचा भरवसा नाही. स्कॉलर वापरू नका असं मी म्हणत नाही. भारतीय जर्नलमधला एखादा सुटलेला लेख तिथं सापडतो. पण तो नंतर, जोडीला.

आता शिकायचं कुठं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संकेतस्थळावर पबमेडच्या प्रशिक्षणाचं स्वतंत्र पान आहे. छोटे छोटे धडे, काही तर पाच-सात मिनिटांचे. तिथून सुरू करा. त्या ग्रंथालयाचं एक जाळं आहे, नेटवर्क ऑफ द नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन. ते ग्रंथपालांसाठीच वर्ग घेतं आणि पैसे घेत नाही. ‘हाऊ पबमेड वर्क्स’ नावाची त्यांची मालिका शोधा. लेख पबमेडमध्ये येतो कसा, मेश, आणि वर सांगितलेलं मॅपिंग, हे तिच्यात एकेक करून घेतलं आहे. थेट वर्ग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनला असला की आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. लहान मुलं असलेल्या बाईनं त्यासाठी जागरण करू नये. ध्वनिचित्रमुद्रणं आणि आपल्या वेळेनं करायचे धडे घ्या, खाली उमटणारी अक्षरं चालू ठेवा, वेग कमी करा. ऐकण्याची अडचण त्यानं निम्मी होते. उरलेली निम्मी शब्द ओळखीचे झाले की जाते, कारण या धड्यांत शे-दीडशे शब्दच फिरून फिरून येतात.

वाचून शिकणं तुम्हाला सोपं जातं, तर ‘कॉक्रेन हँडबुक’चं चौथं प्रकरण वाचा. संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर गोळा करून तपासण्यासाठी, शोध कसा करायचा हे त्यात पायरीपायरीनं आहे, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांनी वैद्यकीय ग्रंथपालाला बरोबर घ्यावं असंही त्यात सांगितलं आहे. ते पान छापून ठेवा, प्राचार्यांना दाखवायला लागेल. २०२१ मध्ये आलेली ‘प्रिझ्मा-एस’ ही १६ मुद्द्यांची यादी म्हणजे शोधाची माहिती कशी लिहायची याचा आज सर्वत्र चालणारा नमुना. तिच्यातले मुद्दे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. आपल्या व्यवसायाचं रोजचं वाचन म्हणून अमेरिकेच्या मेडिकल लायब्ररी असोसिएशनचं जर्नल चांगलं. ते खुलं आहे. महिन्याला एक लेख वाचलात तरी जगातले ग्रंथपाल रुग्णालयात, वॉर्डात, संशोधन समितीत काय काय करतात ते दिसेल. त्या संस्थेचं सभासदत्व आणि तिचे सशुल्क वर्ग यांत आत्ता पैसे घालू नका.

स्वयम आणि ई-पीजी पाठशाळेवर ग्रंथालयशास्त्राचं भरपूर साहित्य आहे. सेवेतल्या बढतीसाठी उपयोगी, उजळणीलाही बरं, पण वैद्यकीय शोधाचं कौशल्य त्यातून येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

पूर्ण लेख मिळवण्याचा प्रश्न तुमच्याकडे रोज येणार, त्याबद्दल स्पष्ट बोलते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती आहे. तुमचं कॉलेज खासगी आहे, त्यामुळे मुलं ‘बातमीत वाचलं, आपल्याला का नाही’ विचारतील तेव्हा हे उत्तर द्या आणि पुढच्या वाटा दाखवा. पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी इथं पूर्ण लेख खुले असतात. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचं छोटं साधन लेखाची खुली प्रत कुठं असेल तर दाखवतं. तुमचं कॉलेज डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर तिथून मागवता येतं, आणि नसेल तर सभासदत्वाचा प्रस्ताव द्या. आणि सगळ्यात साधा मार्ग म्हणजे लेखकाला ईमेल. दोन ओळींचा नमुना तयार ठेवा. पुष्कळ लेखक आनंदानं प्रत पाठवतात.

भारतीय कामासाठी पबमेड पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशियासाठीचा ‘इम्सिअर’ हा निर्देश बघा. आपल्याकडची अनेक जर्नल्स त्यात सापडतात. प्रबंधांसाठी शोधगंगा. चालू किंवा झालेल्या चाचण्यांसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, जी २००७ पासून आहे. चाचणीची नोंदणी तिथं २००९ मध्ये सक्तीची झाली, त्यामुळे छापून न आलेल्या चाचण्याही तिथं कळतात. शहरातल्या एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयातली मैत्रीण असेल तर तिला आयुष रिसर्च पोर्टलबद्दल विचारा, ती तुम्हाला शिकवेल.

आता एक काम सांगते, ज्यानं प्राध्यापक तुमच्या टेबलाशी येतील. बढतीसाठी त्यांना लेख छापावे लागतात. रोज कुठल्या ना कुठल्या जर्नलची ईमेल येते, ‘पबमेड इंडेक्स्ड’, ‘फास्ट पब्लिकेशन’, इतके पैसे भरा. पबमेडमध्ये असणं, मेडलाइनमध्ये असणं आणि पबमेड सेंट्रलमध्ये असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडलाइनमध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं निवडून घेतलेली सुमारे ५,२०० जर्नल्स आहेत. पबमेड सेंट्रल ही पूर्ण लेखांची साठवण आहे, आणि तिथं एखाद्या जर्नलमधला एकच लेखही असू शकतो, कारण संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे लेखकानं तो स्वतः जमा केलेला असतो. तो एक लेख पबमेडमध्ये दिसतो. तेवढ्यावर ते जर्नल छातीठोकपणे ‘पबमेड इंडेक्स्ड’ म्हणवून घेतं आणि आपल्याकडची भली माणसं फसतात.

हे तपासायला त्याच लायब्ररीचा एनएलएम कॅटलॉग उघडा, जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन हा त्याचा ओळख क्रमांक टाका, आणि ‘करंट इंडेक्सिंग स्टेटस’ची ओळ वाचा. खुलं जर्नल असेल तर डीओएजे या खुल्या जर्नलांच्या यादीतही बघा. आयएसएसएन असणं हा दर्जाचा पुरावा नव्हे, तो कुणालाही मिळतो. ही तपासणी दहा मिनिटांत होते. एका तरुण असिस्टंट प्रोफेसरचे पैसे आणि वर्षभराची मेहनत तुम्ही एकदा वाचवलीत, की पुढच्या वेळी तो लेख पाठवण्याआधी तुम्हाला विचारेल. जर्नल बरं की वाईट हा निर्णय मात्र त्याचा. तुम्ही काय सापडलं तेवढं दाखवा.

याच धर्तीवर दुसरं. मुलं आता चॅटबॉटकडून संदर्भ लिहून आणतात. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं आणि लेख अस्तित्वातच नाही, असा प्रकार सर्रास होतो. पबमेडमध्ये ‘सिंगल सायटेशन मॅचर’ आहे. त्यात जर्नल, वर्ष, खंड, पान टाकलं की लेख असेल तर समोर येतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, दिला असेल तर तो उघडून बघायचा. लेख मागे घेतला गेला आहे का हेही बघायचं. त्यासाठी रिट्रॅक्शन वॉचची यादी खुली आहे. सिनॉप्सिस जमा करायच्या आठवड्यात ‘संदर्भ तपासून मिळतील’ अशी पाटी काउंटरवर लावा आणि गर्दी बघा.

वेळ कुठून काढायचा? घरचा वेळ यात घालू नका, हे मी मुद्दाम सांगते. हे तुमच्या नोकरीचं काम आहे, ते नोकरीच्या वेळेतच व्हायला हवं. वाचनकक्ष ओपीडीच्या वेळेत रिकामा असतो, त्यातला एक तास मागून घ्या. ग्रंथपालांना आणि प्राचार्यांना ‘मला शिकायचं आहे’ असं सांगितलंत तर मान हलेल आणि विषय संपेल. एका कागदावर लिहून द्या : या सत्रात किती विद्यार्थ्यांनी शोधासाठी विचारलं, कोणत्या विभागाचे, त्यांना काय देता आलं, काय देता आलं नाही. प्रश्नांची वही त्यासाठीच. ती दोन महिने नेमानं लिहिलीत की इन्स्पेक्शनच्या फायलीलाही उपयोगी पडेल, आणि कार्यशाळेला सोडण्याची मागणी पुढच्या वर्षी पुन्हा कराल तेव्हा हातात पुरावा असेल.

सरांकडे पुन्हा जा असं म्हटलं होतं. द्राक्षबागेचा शोध पूर्ण झाला की तारीख, ओळी, संख्या असलेलं ते पान घेऊन त्यांना भेटा आणि म्हणा, ‘सर, यात काय राहिलं ते सांगा.’ विषयातलं काय सुटलं ते त्यांना दिसेल, शोधातलं काय सुटलं ते तुम्हाला. ते खूश झाले तर त्यांच्या विभागाच्या नव्या एमडी मुलांसाठी पाऊण तास मागा. तेवढ्या वेळात फक्त पबमेड आणि फक्त एक विषय. सोबत झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर दाखवा, फुकट आहे, आणि व्हँकुव्हर पद्धतीनं संदर्भांची यादी स्वतः तयार करतं. मुलं त्यासाठी तरी तुमच्याकडे परत येतील. एखाद्या रिव्ह्यूचा शोध संपूर्ण तुम्हीच केलात तर ऋणनिर्देशात नाव मागायला संकोच करू नका. लेखनातही खरा वाटा असेल तर सहलेखकत्वाची गोष्ट काढा, आणि ती काम सुरू होण्याआधी काढा.

नाशिक यासाठी फार सोयीचं गाव आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथंच आहे, त्याचा परिसर म्हसरूळला आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं शहरात आणि आसपास आहेत, आणि प्रत्येकात तुमच्यासारखी एक-दोन माणसं एकटी बसलेली आहेत. त्यांतल्या चार-पाच जणांना गाठा. महिन्यातून एकदा, आळीपाळीनं एकेकाच्या ग्रंथालयात, दोन तास. प्रत्येकानं महिन्यातला एक अडलेला प्रश्न आणायचा आणि सगळ्यांनी मिळून तो पबमेडवर सोडवायचा. भाषणं नकोत, सत्कार नकोत, प्रमाणपत्र तर नकोच. एकमेकांचा शोध तपासण्याची जगन्मान्य पद्धत आहे, ‘प्रेस’ नावाची. तिच्या मुद्द्यांची यादी समोर ठेवून परस्परांच्या ओळी तपासा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या लोकांनाही बोलवा. पुढे जमलं तर मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडियाच्या अधिवेशनाला एकीनं तरी जावं आणि बाकीच्यांना सांगावं.

एक सावधगिरी. काम वाढलं की रुग्णांचे नातेवाईकही विचारायला येतील, ‘मॅडम, या आजाराचं बघून सांगा ना.’ मेडलाइनप्लस या सामान्य लोकांसाठीच्या संकेतस्थळावरची सोपी माहिती काढून द्या, आणि ‘हे डॉक्टरांना दाखवून विचारा’ एवढंच म्हणा. औषध, डोस, बरं होईल की नाही, यावर एक शब्दही बोलू नका. स्तनपान आणि औषधांसाठी ‘लॅक्टमेड’ चांगलं आहे, पण तेसुद्धा प्रसूती विभागातल्या डॉक्टर-नर्सेसच्या हाती द्यायचं, आईच्या हाती नाही.

आता सात हजार. कोर्सवाल्यांना तीन गोष्टी विचारा. शिकवणारी व्यक्ती कोणत्या वैद्यकीय ग्रंथालयात काम करते? तुम्ही केलेला शोध कुणी तपासून चुका दाखवणार आहे का? आणि अभ्यासक्रमातलं असं काय आहे जे वर सांगितलेल्या फुकट ठिकाणी नाही? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं आणि शिकवणारी व्यक्ती खरी निघाली, तर दोन महिन्यांनी, तुमची वही अर्धी भरल्यावर विचार करा. तोवर अडलेल्या शोधाची ओळ मला पाठवत राहा. मुलाचं नाव, रुग्णाची माहिती वगळून. मी बघून कळवीन.